आप्पांची पोच

कुरकुंभच्या आमच्या केमिकल कंपनीत एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं: "मेलवर घ्या." कँटीनचा चहा पाणचट झालाय असं कुणी सांगितलं तरी समोरचा म्हणायचा, मेलवर घ्या. म्हणजे काम होईल असं नव्हे. उद्या काही बिनसलं तर "मी कळवलं होतं" असं म्हणायला हाताशी कागद असावा, एवढंच. अकरा वर्षं मी तिथं डॉक्युमेंट सेलमध्ये काढली. तेवढ्या काळात मेलचा उपयोग काम उरकण्यासाठी करणारा एकच माणूस मला भेटला. त्याचं पुढं काय झालं हे मला इतरांपेक्षा जरा जास्त माहीत आहे, आणि का माहीत आहे, तेही मी सांगणार आहे.

हरिभाऊ टेळे हे त्यांचं नाव. कंपनीत शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना आप्पा म्हणत. राहायला कासुर्डीला, घरची थोडी शेती आणि दोन म्हशी. दौंडला आयटीआय करून फिटर म्हणून लागले ते चढत चढत युटिलिटीचे इन्चार्ज झाले. युटिलिटी म्हणजे बॉयलर, वाफेच्या लाइनी, पाण्याचे पंप. चालू असतं तोवर कुणाला आठवत नाही आणि बंद पडलं की सगळ्यांना आठवतं, असं खातं. माणूस उंच, काटकुळा, चालताना डावा खांदा थोडा पुढे. खिशात दोन पेनं आणि एक छोटी डायरी. हसले तर फक्त डोळ्यांनी हसायचे, आणि तेही महिन्यातून एखाद्या वेळी.

कंपनीनं सगळ्या इन्चार्जना मेल दिला तेव्हा आप्पांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं, कारण डॉक्युमेंट सेलमधल्या बाईला दुसरं काम नसतं अशी सर्वांची खात्री होती. उजव्या हाताच्या एका बोटानं ते टाइप करायचे. प्रत्येक अक्षराआधी ते बोट हवेत थांबायचं, मग खाली यायचं. इंग्रजीत उत्तर काय द्यायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या डायरीत तीन शब्द लिहून दिले: "रिसीव्ह्ड. विल डू." मिळालं, करतो. त्यांनी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

पहिले काही दिवस मेल आला की कॉम्प्युटर टिंग करायचा आणि आप्पा हातातलं काम टाकून धावायचे. बॉयलरपाशी असले तरी कुणीतरी हाक मारायचं, आप्पा, वाजलं. येऊन बघावं तर कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक साडेतीनला कॉन्फरन्स रूममध्ये. आठवडाभरानं ते माझ्याकडे आले आणि आवाज बंद कसा करायचा ते विचारू लागले. म्हणाले, दार वाजतंय म्हणून उठावं तर दरवेळी वारंच असतं. मी आवाज बंद करून दिला. तिथून त्यांचे प्रयोग सुरू झाले.

प्रयोग हा माझा शब्द. आप्पा त्याला वाफा म्हणायचे. नवं बियाणं आधी एका वाफ्यात लावून बघायचं, आलं तर रानभर पेरायचं. तशी एक महिना एकच सवय. महिना संपला की डायरीत एक ओळ: जमलं, नाही जमलं, थोडं जमलं. आप्पांना जगातली कुठलीही गोष्ट आधी रानात किंवा गोठ्यात नेल्याशिवाय कळत नसे. आम्ही त्यांची चिक्कार थट्टा करायचो. त्यांना फरक पडत नसे, किंवा पडत असेल तर ते दाखवत नसत.

एक महिना त्यांनी सगळे मेल उभ्यानं वाचले. खुर्ची कोपऱ्यात सरकवून ठेवली होती. उभा राहून वाचणारा माणूस फापटपसाऱ्यात अडकत नाही, असा सिद्धांत होता. डायरीत ओळ आली: "जमलं, पन गुडघं दुखत्यात." एक महिना दिवसातून एकदाच मेल बघितला, तर कोळशाची गाडी गेटवर चार तास अडकून बसली आणि आप्पांनी ड्रायव्हरला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. नाही जमलं. एक महिना कुठलाही मेल तीन ओळींच्या वर लिहायचा नाही असं ठरवलं. तो नियम कायमचा राहिला. त्यांचे मेल तारेसारखे असत: पंप बंद, बेअरिंग पाहिजे, बुधवारपर्यंत. आणि गंमत म्हणजे बेअरिंग बुधवारपर्यंत येई. आमचे दीड पानी मेल तसेच सडत पडलेले असत.

शेवटी त्यांचा जो नियम बसला तो गोठ्यातूनच आला. मी त्यांना विचारलं होतं, दिवसातून नेमकं दोनदाच का? तर एरवी मोजकं बोलणारा हा माणूस माझ्या टेबलासमोर बसून पाच मिनिटं बोलला.

"ताई, म्हशीची धार दोनदाच काढायची. सकाळी आन् सांजच्याला. सारखं सडाला हात लावला तर जनावर बिथरतं. पन बसलं धारंला, की समदी काढायची. अर्धी ठिवली तर कास सुजती. मेलचं तसंच हाय. दोनदा बसायचं, आन् पेटी कोरडी करूनच उठायचं."

कोरडी म्हणजे खरोखर कोरडी. सकाळी दहा आणि दुपारी चार. प्रत्येक मेलचं तिथंच काहीतरी व्हायचं. दोन मिनिटांचं काम असेल तर लगेच, दुसऱ्याचं असेल तर त्याच्याकडे, नंतरचं असेल तर डायरीत तारीख, आणि कुणाचंच नसेल तर कचऱ्यात. पाऊण तासानं त्यांच्या स्क्रीनवर एकही ओळ नसे. ती रिकामी पेटी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. आप्पांना गर्व असा एकाच गोष्टीचा होता, आणि तो चांगलाच होता. केबिनच्या दारावर त्यांनी पुठ्ठ्याची पाटी लावली: "मेल सकाळी दहा, दुपारी चार. घाई असल्यास फोन करावा. आग असल्यास पळत यावे." साहेब लोकांनी त्या पाटीचे फोटो काढले. दोन-तीन महिन्यांत सगळ्या कंपनीला पाठ झालं, की आप्पा चारला बसतात.

मग आले सीसीवाले. एकाला लिहायचा मेल आणि त्याच्या प्रती बाराजणांना, ही आमच्याकडची रीत. आप्पांनी माझ्याकडून एक फोल्डर करून घेतलं, आणि ज्या मेलमध्ये त्यांचं नाव नुसतं प्रतीत असेल तो मेल आपोआप तिकडे जाईल असं करून घेतलं. फोल्डरचं नाव काय देऊ, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बांधावरचे."

"रानात दोघांचं भांडान लागलं की बांधावर धा जन गोळा व्हत्यात. बघत्यात समदे. सोडवत कुनी न्हाई, आन् साक्षीला तर न्हाईच न्हाई."

मी हसून तेच नाव दिलं.

ह्या बांधावरूनच प्रॉडक्शन मॅनेजर इनामदार साहेबांशी त्यांचं वाजलं. इनामदार पुण्याहून कंपनीच्या गाडीनं यायचे. वयानं आप्पांपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, हुशार, गोड बोलणारे. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, की आप्पा, माझ्या मेलवर काहीच हालचाल नाही? आप्पा उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, की साहेब, तो मेल मला नव्हता, मी नुसता बांधावर होतो. काम माझ्याकडून हवं असेल तर माझं नाव वर घ्या. सगळी मीटिंग हसली. इनामदारही हसले, पण त्यांची मान कॉलरपर्यंत लाल झाली होती. त्या दिवसापासून त्यांनी आप्पांना टाकलेल्या प्रत्येक मेलमध्ये आप्पांचं नाव वर, एकटं असे. आप्पांना वाटलं साहेब सुधारले.

आता पोचेचं सांगते. एका होळीला मी आप्पांना डब्यातून पुरणपोळ्या दिल्या होत्या. पुढच्या सोमवारी डबा परत आला तो जड. आत खरवस होता, वर जायफळ. घरात म्हैस व्यालेली नसताना खरवस आला कुठून, असं मी विचारलं तर म्हणाले, शेजारच्यांकडून चीक मागून आणला. तुमचं भांडं रिकामं कसं द्यायचं? आमच्याकडे शिरूरलाही ही रीत आहे, आई मूठभर साखर तरी घालतेच. पण आप्पांनी ती मेललाही लावली. आलेल्या प्रत्येक मेलला त्याच दिवशी पोच गेलीच पाहिजे. काम व्हायचं तेव्हा होईल, पण ज्यानं लिहिलं त्याला पोचलं हे कळायला हवं. म्हणून चारच्या बैठकीत त्यांचं ते एक बोट पुन्हा पुन्हा तेच लिहायचं. रिसीव्ह्ड. विल डू. मी एकदा त्यांना म्हणाले, की आप्पा, नुसतं मिळालं म्हणा, करतो कशाला म्हणता? त्यांना ते पटलं नाही. करणार नसलो तर मिळालं सांगून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि ते करायचे. हे लिहून ठेवायला हवं. "विल डू" लिहून न केलेलं काम आप्पांच्या डायरीत मला एकही सापडलं नाही, आणि डायरी पुढं माझ्याच हातात आली होती.

त्या वर्षी चार नंबरच्या रिॲक्टरजवळ वाफेची लाइन गळायला लागली. दोन पाइप जिथं जोडतात तिथं मधे गॅस्केटची चकती असते. ती खराब झाली होती. बदलायचं काम चार तासांचं, पण तेवढा वेळ वाफ बंद ठेवायला हवी, आणि वाफ बंद करायला प्रॉडक्शनची सही लागते. इनामदारांची बॅच चालू होती. शिवाय परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट तोंडावर होतं. आप्पा मेल लिहायला माझ्या खोलीत आले, कारण हा मेल तीन ओळींत बसण्यासारखा नाही असं त्यांनाही वाटलं. दोन ओळी लिहून झाल्या आणि इनामदार आत आले. दार लोटून घेतलं. मी हाताच्या अंतरावर बसले होते.

"आप्पा, हे मेलवर नको," ते म्हणाले. "ऑडिटवाले मेल मागतात. तुम्ही तोंडी सांगितलंत, मी ऐकलं. बॅच निघाली की शटडाउन तुमचा. शब्द आहे माझा."

जी कंपनी चहासाठीही मेलवर घ्या म्हणायची, तिथं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. आप्पांनी स्क्रीनकडे बघितलं. एका बोटानं लिहिलेल्या दोन ओळी त्यांनी एका बोटानं पुसल्या. साहेबांनी शब्द दिला म्हणजे दिला, एवढंच म्हणाले.

पुढचे आठ दिवस ते रोज इनामदारांना तोंडी आठवण करत होते. रोज उद्याचा वायदा होता. गळतीचा आवाज आधी कान देऊन ऐकावा लागायचा, मग रस्त्यावरूनही ऐकू येऊ लागला. आप्पांनी तिथं लाल दोरी बांधली, मराठीत आणि हिंदीत पाटी लिहिली, आणि दोनदा स्वतः बोल्ट आवळून बघितले.

नवव्या दिवशी पावणेचारला इनामदारांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक मेल जरा नीट शब्दांत बसवून द्या, म्हणाले. आशय त्यांनी सांगितला, इंग्रजी मी घातलं. चार नंबरजवळ वाफेची गळती आमच्या निदर्शनास आली आहे. ही आपली जबाबदारी आहे. तातडीनं दुरुस्ती करून कळवावे. वर आप्पांचं नाव, एकटं. प्रती सगळ्या साहेबांना. माझे वडील शिरूरला शिक्षक होते, माझं इंग्रजी पहिल्यापासून चांगलं. "तातडीनं" हा शब्द माझा होता. शटडाउनचं काय, असं मी विचारलं. ते माझं मी बघतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला पाच कमी होते.

"आता टाका. चारला ते बसतातच."

मी टाकला. मी जायला उठले तर ते म्हणाले, बसा ना, चहा घ्या. चार वाजून बारा मिनिटांनी पोच आली. रिसीव्ह्ड. विल डू. इनामदारांनी तिचा प्रिंट काढला, तारीख आणि वेळ दिसतेय का बघितलं आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. प्रिंट निघेपर्यंत मला काही कळलं नव्हतं असं मी म्हणू शकते. त्यानंतर नाही.

आप्पा उत्तर टाकून लगेच दोन फिटर आणि शटडाउनचा कागद घेऊन सहीला आले. त्यांना वाटलं, साहेबांनी लेखी दिलं म्हणजे शब्द पाळला. तोवर केबिन बंद झाली होती. गाडी पुण्याला निघून गेली होती, फोन लागत नव्हता. मी माझ्या खोलीच्या दारातून बघत होते. आप्पा तो कागद हातात धरून दहा मिनिटं तिथं उभे राहिले, मग परत गेले आणि त्यांनी दोरीला आणखी एक पदर बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गॅस्केट फुटली. ड्रम न्यायला वाट हवी म्हणून कुणीतरी दोरी सोडली होती. मुन्ना नावाचा कंत्राटी कामगार ट्रॉली ढकलत नेमका तिथं होता. मानेपासून कोपरापर्यंत भाजला. आप्पांनी ओलं पोतं हाताला गुंडाळून व्हॉल्व्ह बंद केला, तरी त्यांच्या तळहाताची सालटी निघाली. मुन्ना वाचला, पण त्याचा हात पुढं सरळ झाला नाही. त्याला त्याच्या गावी पाठवून दिलं. त्याच्याबद्दल मग मेलवरही कुणी काही घेतलं नाही.

चौकशीला टेबलावर दोन कागद होते. मी लिहिलेला मेल आणि आप्पांची पोच. ह्याआधी गळतीबद्दल तुम्ही काही लेखी दिलं होतं का, असं त्यांना विचारलं. नव्हतं. मग काम करतो असं लिहून दिलंत आणि केलं नाहीत? आप्पांनी सगळं सांगितलं. साहेबांनी मेल टाकू नका म्हटलं, सहीला गेलो तर साहेब नव्हते. आणि म्हणाले, "ताई हुत्या तिथं. ताईंना इचारा."

मला बोलावलं. मी तेव्हा आठ वर्षं कंत्राटावर होते. माझी पर्मनंटची फाइल इनामदारांच्या टेबलावर महिनाभर पडून होती, आणि ती रोज मला दिसायची. समोर तिघेजण बसले होते. उजव्या बाजूला आप्पा, हाताला पांढरी पट्टी. मला विचारलं की असं काही बोलणं तुमच्यासमोर झालं होतं का.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

कुणी मला दरडावलं नव्हतं. इनामदारांनी एका शब्दानं काही सुचवलं नव्हतं. लोकांना हे सांगताना मी पूर्वी म्हणायची की माझ्यावर दबाव होता. नव्हता. मला नोकरी हवी होती आणि मी बांधावर उभी राहिले, एवढंच.

बाहेर जिन्यात आप्पा भेटले. मी मान खाली घालून जात होते. त्यांनीच थांबवलं. चिडलेले नव्हते. त्यांच्या आवाजात राग असता तर मला आजही बरं वाटलं असतं.

"मेलचं इंग्रजी लई चांगलं हुतं, ताई," ते म्हणाले आणि खाली उतरून गेले.

राजीनामा लिहून घेतला त्यांच्याकडून. शेवटच्या दिवशीही ते दहाला बसले आणि चारला बसले. दारावरची पाटी स्वतः काढली, पुठ्ठा दुमडून पिशवीत घातला. त्यांचा मेल बंद करायचं काम नियमाप्रमाणे डॉक्युमेंट सेलकडे आलं. मी उघडलं तेव्हा पेटी कोरडी होती. बांधावरचे हे फोल्डरही त्यांनी रिकामं केलं होतं. पाठवलेल्या मेलमध्ये मात्र खाली खाली जावं तेवढं तेच होतं, माझे तीन शब्द, शेकडो वेळा. डायरी त्यांनी टेबलावर ठेवली होती, कामं पुढच्या माणसाला कळावीत म्हणून. दुमडलेला कोपरा तसाच होता.

मला त्याच महिन्यात पर्मनंट केलं. कँटीनमध्ये पेढे मी वाटले. इनामदारांना बढती मिळून ते दुसऱ्या प्लांटला गेले, जाताना मला म्हणाले की तुमच्यासारखी माणसं कंपनीला हवीत. माणूस खोटं बोलत नव्हता. तीन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. कारण विचारलं की मी सांगते, आई थकली, शिरूरला घर सांभाळायला कुणी नव्हतं.

सोडल्यावर महिनाभरानं मी आप्पांना मेल लिहिला. त्यांच्या घरच्या मेलवर, जो मीच त्यांना उघडून दिला होता. इंग्रजीत नाही, मराठीत. तीन ओळींत नाही बसला. शब्द कुणाचे, पाच कमी चार कुणी बघितलं, चहा कुणी घेतला, मला किती नीट आठवत होतं, सगळं लिहिलं. हा मेल कुणालाही दाखवा, मी कुठंही येऊन सांगायला तयार आहे, असंही लिहिलं. आता सांगायला तयार होते, जेव्हा कुणी विचारणार नव्हतं. पाठवला आणि पोचेची वाट बघत बसले. ज्या माणसाकडून मी दिवसातून दोनदा मेल बघायला शिकले, त्याच्या उत्तरासाठी दिवसातून वीसदा पेटी उघडत होते. पोच आली नाही. त्यांनी मेल बघणंच सोडलं असेल, अशी मी समजूत घालून घेतली. ती मला सोयीची होती.

ह्याला दोन वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात शिरूरच्या एसटी स्टँडवर मला आप्पा दिसले. बाकावर, मांडीवर कापडी पिशवी, डावा खांदा तसाच पुढे. मी दोनदा मागे फिरले आणि तिसऱ्यांदा गेले. त्यांनी लगेच ओळखलं, पिशवी खाली ठेवून मला बसायला जागा केली. धाकटी मुलगी इथं शिरूरलाच दिली आहे, तिच्याकडे आले होते, चारच्या चौफुला गाडीनं कासुर्डीला परत निघाले होते. त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली, माझ्या मुलाचं शिक्षण विचारलं. एक म्हैस विकली, म्हणाले. तळहातावर भाजल्याची गुळगुळीत जागा होती. कुरकुंभचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. नातीच्या प्रवेशाच्या अर्जात माझा मेल दिलाय, शाळेचा मेल आला असेल असं मुलगी म्हणत होती, तारीख कधीची आहे तेवढं बघून द्या, चष्मा घरी राहिलाय, असं म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

मी मेल उघडला. आप्पांची पेटी कोरडी असते ही सवय माझ्या डोळ्यांना अजून होती. समोर न उघडलेल्या मेलची रांग होती, ठळक अक्षरांत, बोट सरकवत राहिले तरी संपत नव्हती. बँका, दुकानं, बियाण्यांच्या जाहिराती, कुणाकुणाचे सणाचे निरोप, सगळे तसेच बंद. शाळेचा मेल वरच होता. तो उघडून मी तारीख वाचली, पण फोन परत दिला नाही. वरच्या शोधायच्या जागी मी माझं नाव टाकलं.

माझा मेल समोर आला. त्याची अक्षरं ठळक नव्हती, बारीक होती. तो उघडलेला होता. त्या सगळ्या बंद ढिगात आप्पांनी माझा मेल उघडून वाचला होता, आणि त्याला पोच दिली नव्हती. एका पुरणपोळीच्या डब्यासाठी शेजारी चीक मागायला गेलेल्या माणसानं माझं भांडं रिकामं परत केलं होतं.

फोन अजून माझ्याच हातात होता. आप्पा समोर गाड्या लागतात तिकडे बघत होते. माझ्याकडे न वळता म्हणाले,

"ताई, शाळंचं तेवढंच बगा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

मी त्यांना तारीख सांगितली. पंधरा तारीख, सकाळी दहा. त्यांनी खिशातून पेन काढून ती पिशवीवर लिहिली आणि फोन परत घेतला. चौफुल्याची गाडी लागली. चढताना त्यांनी मला म्हटलं, उन्हाचं उभ्या राहू नका, घरी जा. खिडकीपाशी बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी हलेपर्यंत समोर बघत राहिले.